पायी वारी करणारीनं व्हीलचेअर मागावी का?

प्रश्न : कऱ्हाडहून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा. वय ६४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा-सून शिकागोला असतात, नातू सात महिन्यांचा आहे आणि त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही. २०१८ साली दोघं मिळून एकदा तिकडे जाऊन आले, तेव्हा "मी फक्त त्यांच्या मागे चालत होते." आता मुलानं मुंबई–अबू धाबी–शिकागो असं तिकीट काढून पाठवलं आहे आणि न विचारता त्यात व्हीलचेअरची नोंद केली आहे. ताई दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जातात. धडधाकट असून खुर्चीत बसणं त्यांना खोटेपणाचं वाटतं. जाऊबाई म्हणतात, सगळेच करतात, त्यात काय? खुर्ची नाकारली तर अबू धाबीला आपण हरवू, ही भीतीही आहेच. अमेरिकेचा व्हिसा मुदत संपलेल्या जुन्या पासपोर्टवर आहे. नव्या पासपोर्टवर यजमानांचं नाव आहे, तिकिटावर ते आलेलं नाही. मुलगा म्हणतो, काही होत नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ताईंनी तरीही एक जाडजूड फाईल केली आहे. तीत सातबारा आहे, लग्नाचा दाखला आहे, यजमानांच्या मृत्यूचा दाखला आहे, ठेवींच्या पावत्यासुद्धा आहेत. वर इंग्रजीची धास्ती. "तो अधिकारी काही विचारेल आणि माझी वाचा बसेल. त्यापेक्षा जाऊच नये असं वाटतं."

उत्तर :

ताई,

शेवटच्या ओळीचं आधी बघू. जाऊच नये असं वाटतं म्हणता, आणि त्याच पत्रात नातवासाठी जुन्या नऊवारीची दुपटी शिवून ठेवल्याचंही लिहिता. तेव्हा जायचं की नाही हा प्रश्न मी विचारात घेत नाही. जायचं आहे. कसं जायचं, तेवढं बोलू.

"मला कागदपत्रांतलं काही कळत नाही, ते सगळं हे बघायचे." हे वाक्य पत्रात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलं आहे आणि ते मला पटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेल्या बाईनं जनगणनेचे तक्ते भरलेले असतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवलेला असतो, निवडणुकीच्या ड्यूटीवर रात्री उशिरापर्यंत पाकिटं सीलबंद करून, सह्या घेऊन, साहित्य जमा करून पावती मिळवलेली असते. विमानतळावरचे कागद त्यापुढे फार थोडे आहेत. तेव्हा कळत नाही असं नसावं, या वेळी तुम्हाला कोणी दाखवलंच नाही, असं मला वाटतं. तिकीट मुलानं काढलं, मदत त्यानं ठरवली, कागद त्याच्या फोनमधून तुमच्या फोनमध्ये आले. २०१८ साली यजमानांच्या मागे चालत होतात, आता मुलाच्या मागे. फरक इतकाच की मुलगा बरोबर नसणार. प्रवास तुमच्या नावावर आणि त्याची सूत्रं दुसऱ्याच्या हातात, अशा वेळी कुणाचेही हातपाय गळतील.

आता व्हीलचेअर.

जाऊबाई म्हणतात ते खोटं नाही. अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या दाराशी खुर्च्यांची रांग लागलेली असते, आणि उतरल्यावर त्यातले काही जण टुणकन उठून मुलाला मिठी मारतात, हे अनेकांनी पाहिलं आहे. त्यावर लोक विनोद करतात. मला त्यात फारसं हसण्यासारखं वाटत नाही, कारण खुर्चीतल्या अनेकांची अडचण पायांची नसून पाट्यांची असते. पाटी इंग्रजीत, घोषणा कळत नाही, दार ऐनवेळी बदलतं. मदत मागायचा एवढा एकच मार्ग त्यांना कुणीतरी सांगितलेला असतो.

पण खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसं मोजकीच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांच्या एका गृहस्थांना खुर्ची मिळाली नाही, म्हणून ते पत्नीच्या खुर्चीबरोबर चालत निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. तो दोष सोय न पुरवणाऱ्यांचा होता, तुमच्यासारख्यांचा नाही, हे स्पष्ट सांगते. तरीही गरज नसताना घेतलेली खुर्ची कुणाची तरी असते, ही तुमची टोचणी रास्त आहे.

शिवाय खुर्चीचे तोटे मुलाला बहुधा ठाऊक नसावेत. खुर्चीचे प्रवासी विमानातून साधारणपणे सगळ्यांत शेवटी उतरतात. मग चार-पाच जणांना एकत्र नेण्यासाठी एका कोपऱ्यात बसवून ठेवतात. ढकलणारा माणूस मध्येच बदलतो. "इथंच बसा" म्हणून गेलेला कधी येईल सांगता येत नाही, आणि तोवर उठून बाथरूमला जावं की नाही याचाही संकोच होतो. चालत्या-फिरत्या माणसाला हे फार जाचतं.

आता दुसरी बाजू, तीही ऐका. वारीत रोज चालता हे खरं, पण तिथं दिंडी बरोबर असते, विसावे ठरलेले असतात, पाय दुखले तर टेकायला झाडाची सावली असते. मुंबई ते अबू धाबी तीन तास आणि पुढे शिकागोपर्यंत चौदा-पंधरा तास खुर्चीत अवघडून बसल्यावर पाय सुजतात, गुडघा धरतो, झोप नसते. तुम्हाला रक्तदाबाची गोळी आहे असं पत्रात ओझरतं आलंय. चक्कर येण्याचा, दम लागण्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर घ्या आणि मान ताठ ठेवून बसा. तिचे प्रकारही असतात. जिना चढता येतो पण लांबचं अंतर झेपत नाही, जिनाही चढता येत नाही, अजिबात चालता येत नाही, अशा वेगवेगळ्या नोंदी करतात. वारकरी असणं हे मदत नाकारण्याचं कारण होऊ देऊ नका. निर्णय डॉक्टरांना विचारून करा, जाऊबाईंना नको आणि अभिमानालाही नको.

आणि पाय खरंच ठणठणीत असतील तर तिसरा रस्ता आहे. तो फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून इतर वाचकांसाठीही सांगते. बऱ्याच विमान कंपन्या वयस्क, एकट्या किंवा भाषेची अडचण असलेल्या प्रवाशांसाठी 'मीट अँड असिस्ट' नावाची मदत देतात. बुकिंगमध्ये तिची नोंद 'एमएएएस' अशा चार अक्षरांत होते. खुर्ची नसते, माणूस असतो. तो तुम्हाला एका विमानापासून दुसऱ्या विमानाच्या दाराशी नेऊन सोडतो. सगळ्या कंपन्या सगळ्या विमानतळांवर ही सोय देत नाहीत, काही ठिकाणी पैसे पडतात, म्हणून आधी विचारून, निदान ४८ तास अगोदर नोंद करून घ्यावी लागते. मुंबई विमानतळावर पैसे भरून सोबत मिळण्याची 'प्रणाम' ही वेगळी सेवाही आहे. मात्र तुमची खरी गरज मुंबईत नाही, अबू धाबीत आहे.

हा फोन मुलाला करू देऊ नका. विमान कंपनीच्या भारतातल्या क्रमांकावर तुम्ही स्वतः करा, हिंदीत बोला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कारण नाही. "मला चालता येतं, पण मी एकटी आहे, इंग्रजी कमी येतं, अबू धाबीला पुढच्या विमानापर्यंत कोणीतरी सोबत हवं." हो म्हणाले तर व्हीलचेअरची नोंद काढून ही घालायला सांगा. नाही म्हणाले तर मग व्हीलचेअरचा विचार नव्यानं करा, आणि तेव्हा टोचणी लावून घेऊ नका. मागायची ती मदत आधी प्रामाणिकपणे मागून झालेली असेल.

याच फोनवर नावाचंही काम करून टाका. हे मला व्हीलचेअरपेक्षा तातडीचं वाटतं.

आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी पद्धत. पासपोर्टवर रकाने मात्र दोनच, आडनावाचा एक आणि बाकीच्या नावाचा एक. त्या दुसऱ्या रकान्यात तुमचं आणि यजमानांचं अशी दोन्ही नावं आहेत, म्हणजे यंत्राच्या लेखी तुमचं नाव ते दोन्ही मिळून आहे. तिकीट काढताना मुलानं मधल्या नावाची जागा रिकामी सोडली असणार. अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विमान कंपनी तिकडच्या सुरक्षा यंत्रणेला आधीच कळवते, आणि हे नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळावं अशी अपेक्षा असते. मधलं नाव गळलं म्हणून विमानात बसू दिलं नाही असं सहसा होत नाही. पण 'सहसा'च्या भरवशावर पहाटे काउंटरसमोर उभं का राहायचं? विमान कंपन्या अशी किरकोळ दुरुस्ती करून देतात, वेळेवर सांगितलं तर. तिकीट एजंटमार्फत काढलं असेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावी लागेल. दुरुस्त तिकिटावर नावं एकमेकांना चिकटून आणि शेवटी 'एमआरएस' जोडून आलेली दिसली तर घाबरू नका, ती छापायची पद्धत आहे.

"तिकिटावर यांचं नाव नाही, हे मला बरं वाटलं नाही," असंही तुम्ही लिहिलंय, आणि लगेच "वेडेपणा आहे" म्हणून ते झटकून टाकलंय. मुलाला तेवढं वाक्य जरूर सांगा. त्याच्या दृष्टीनं तो एक रिकामा रकाना होता.

व्हिसाचं सोपं आहे. पासपोर्टची मुदत संपली म्हणून त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा संपत नाही. व्हिसाची स्वतःची तारीख शिल्लक असेल आणि ते पान फाटलेलं-पुसलेलं नसेल तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट घेऊन प्रवास करता येतो. दोन्हींना एक रबर लावा, स्टेपलर नको, आणि कुणी पासपोर्ट मागितला की जोडीच पुढे करा. नुसता नवा दिला तर पुढचा प्रश्न "व्हिसा कुठंय?" हाच येणार, आणि जुना सामानाच्या बॅगेत जाऊन बसला असेल तर मग काही खरं नाही. मुलाला एक विचारा : बुकिंगमध्ये पासपोर्टचा क्रमांक नवा घातलाय ना? पूर्वीच्या प्रवासाची माहिती साठवलेली असली की जुनाच क्रमांक आपोआप येऊन बसतो.

फाईलकडे येते. सातबारा, ठेवींच्या पावत्या, लग्नाचा दाखला हे व्हिसाच्या मुलाखतीचं साहित्य झालं. इथं आपली मुळं आहेत, आपण परत येणार, हे दाखवायला तेव्हा लोक ते नेतात. व्हिसा मिळाल्यावर त्या कागदांचं काम संपलं. यजमानांच्या मृत्यूचा मूळ दाखला तर कृपा करून घरातून हलवू नका, इथल्या वारसाच्या कामांना तो लागेल. आधार कार्डही कपाटात राहू द्या, विमानतळाच्या दारावर ओळखपत्र म्हणून पासपोर्ट पुरतो. जाडी वाढली की हवा तो कागद हाताला लागत नाही, एवढंच होतं.

पण मुलाचं "सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आहे" हेही अर्धवट आहे. फोनची बॅटरी संपते, परदेशात सिम चालत नाही, विमानतळाचं वायफाय सुरू करायला ओटीपी लागतो आणि तो त्याच बंद सिमवर येतो. म्हणून पातळ फाईल करा. जाण्या-येण्याच्या तिकिटाची छापील प्रत, प्रवास विम्याचा कागद, औषधांची चिठ्ठी, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत मुलाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन. तो पत्ता तुम्ही तुमच्या हातानं लिहा. अधिकाऱ्यानं विचारलं तर तोंडातून आला नाही तरी बोट ठेवता येईल. पासपोर्टच्या पानांची आणि व्हिसाची झेरॉक्स एक बॅगेत, एक जाऊबाईंकडे. एवढंच.

आता चेक-इन. ही भानगड नेमकी काय असते ते एकदा समजलं की निम्मी धास्ती उतरेल. काउंटरवरची मुलगी तुमची परीक्षा घेत नसते, ती स्वतःच्या कंपनीचं नुकसान टाळत असते. कागद पुरे नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणायचा भुर्दंडही बसतो. म्हणून ती प्रत्येकाचा पासपोर्ट, व्हिसा, वाटेतला देश आणि शेवटचा देश 'टायमॅटिक' नावाच्या माहितीप्रणालीशी ताडून पाहते. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली किंवा उठून साहेबाला विचारायला गेली, तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. दोन पासपोर्ट असले की इतका वेळ लागतोच. वेब चेक-इन आदल्या दिवशी करायला हरकत नाही, जागा निवडता येते. पण त्यात बोर्डिंग पास मिळाला नाही तरी काळजी नको. अमेरिकेच्या प्रवासात कागद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो बहुतेकदा देतच नाहीत.

काउंटर सोडायच्या आधी तीन गोष्टी तिथंच उभं राहून बघा. मागचे लोक चुळबुळ करोत. बोर्डिंग पास दोन मिळाले का, मुंबई–अबू धाबी आणि अबू धाबी–शिकागो. बॅगेच्या पट्टीवर शेवटचं ठिकाण 'ओआरडी' आहे का. ही शिकागोच्या ओहेअर विमानतळाची खूण आहे, ती असली म्हणजे बॅग थेट तिथं निघेल. आणि बॅगेच्या पावतीचे चिकटे तुमच्या हातात आले का. बॅग हरवली तर त्या चिकट्यांवाचून कोणी ऐकून घेत नाही. बोर्डिंग पासवर 'एस' हे अक्षर चारदा छापलेलं आढळलं तर तुमची जास्तीची सुरक्षा तपासणी होणार एवढाच त्याचा अर्थ. गुन्हा काही नसतो.

तारखेचा घोळ शिकलेली माणसंही करतात, म्हणून वेगळं सांगते. तुमचं विमान पहाटेचं आहे. तिकिटावर १२ तारखेची पहाट असेल तर तुम्ही विमानतळावर ११ तारखेच्या रात्री असायला हवं. १२ तारखेला सकाळी दही-साखर हातावर घेऊन निघालात तर विमान केव्हाच गेलेलं असेल. कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहूच नका, घर सोडायची तारीख आणि वेळ लिहा. काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतात आणि विमान सुटायच्या तासभर आधी, काहींचे त्याहीपूर्वी, बंद होतात. कऱ्हाडहून येताना खंबाटकी घाट, पुणे आणि खंडाळा असे तीन ठिकाणी अडकायचे योग आहेत. दुपारच्या जेवणानंतर निघा, विमानतळावर पाच तास बसावं लागलं तरी चालेल. गाडीवाल्याला विमानतळही नीट सांगा. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर 'बीओएम' असेल तर मुंबईचा, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबईचा.

अबू धाबीबद्दल एक गोष्ट मुलानं सांगितली नसेल तर मी सांगते, कारण तिनं भल्याभल्यांची भंबेरी उडते. तिथं अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. अमेरिकन अधिकारी तिथल्या विमानतळावर बसतात, आणि शिकागोच्या विमानात बसण्यापूर्वीच पुन्हा सुरक्षा तपासणी, बोटांचे ठसे, फोटो, प्रश्नोत्तरं असं सगळं उरकतं. म्हणून मुंबईहून उतरल्यावर दुकानं बघत रेंगाळू नका. चहासुद्धा नको. 'यूएस प्रीक्लिअरन्स' अशी पाटी असते, ती विचारत थेट तिकडं जा. सोबतीचा माणूस खरा लागतो तो या टप्प्यात. दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर फोनवर तेही बोलून घ्या. याचा मोठा फायदा असा की शिकागोला उतरल्यावर अधिकारीच नाही. देशांतर्गत विमानातून उतरल्यासारखं बॅग उचलायची आणि बाहेर. हे माहीत नसलं तर माणूस तिथं इमिग्रेशनची रांग शोधत हिंडतो.

राहिला तो अधिकारी आणि तुमचं इंग्रजी.

तो जे विचारतो ते थोडं असतं : का आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस, परत कधी. तुमची उत्तरं खरी आहेत, म्हणून पाठ करायची गरज नाही. पाठ केलेलं उत्तर मध्येच तुटलं की माणूस जास्त गडबडतो. "सन. ग्रँडसन. शिकागो. फोर मंथ्स. रिटर्न तिकीट." एवढ्या शब्दांत काम होतं, व्याकरणाचे गुण तिथं नाहीत. प्रश्न कळला नाही तर "येस, येस" म्हणू नका, हा धोका न बोलण्यापेक्षा मोठा आहे. "मराठी. इंटरप्रिटर, प्लीज," असं म्हणा. दुभाष्या मागता येतो, अधिकारी फोनवरून तशी व्यवस्था करू शकतात.

एक नाजूक गोष्ट. "नातवाला सांभाळायला चालले," असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. आपल्या घरात हे प्रेमाचं बोलणं झालं. अधिकाऱ्याच्या कानाला ते नोकरीसारखं ऐकू येऊ शकतं, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. तुम्ही नातवाला भेटायला जाताय, हे खरं आहे आणि तेच सांगा. पण ते खरंच खरं आहे ना, हे मुलाशी आधी बोलून घ्या. आजी येणार म्हणून पाळणाघर बंद करायचं ठरलं असेल, तर दिवसाचे दहा तास, चार महिने, परक्या गावी, बाहेर बर्फ असताना एकटीनं सात महिन्यांचं मूल सांभाळणं तुम्हाला झेपेल का, हा प्रश्न विमानतळावरच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा अवघड आहे. तो फोनवर विचारायला संकोच करू नका.

सामानाचं थोडक्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात त्याला बंदी आहे. ताजा कढीपत्ता अमेरिकेत चालत नाही, त्यावरच्या किडीमुळे तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो. लोणचं, मेतकूट, लाडू यांबद्दल विचारलं तर आहे म्हणून सांगा. सांगितलेल्या वस्तूवर फार तर पाणी सोडावं लागतं, लपवलेल्या वस्तूवर दंड होतो. गोळ्या मूळ पाकिटात आणि हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही हातातच. रोजच्या वापरातल्यांखेरीज दागिने फार असतील तर निघताना इथल्या कस्टम्सकडून दाखला करून घेता येतो, परत येताना ते तुमचेच आहेत हे सिद्ध करत बसावं लागत नाही. खरं तर दागिने नेऊच नका. आणि विमानतळावर कितीही गोड बोलणारं माणूस भेटलं तरी दुसऱ्याचं पुडकं हातात घेऊ नका, "फक्त औषध आहे हो" असं म्हटलं तरी.

सोबत मात्र शोधायला हरकत नाही. शिकागोला महाराष्ट्र मंडळ आहे. मुलानं तिथल्या ओळखीच्यांत विचारलं तर त्याच विमानानं कुणाचे आईवडील निघालेत हे कदाचित कळेल.

ज्या वाचकांना इतरत्र जायचं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. बऱ्याच देशांना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशेब निराळा आहे. पासपोर्ट दिल्याला दहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत आणि तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने तो चालू असावा. आपला पासपोर्ट मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नवा करता येतो, तेव्हा व्हिसा काढायच्या आधी तारीख बघा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे, त्यांनी दुबईचं तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करावी. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पर्यटकांबाबत नियम कडक केले आहेत. आणि तिकडे जाताना अनारशांसाठी म्हणून खसखस नेऊ नका. ती तिथं अमली पदार्थांत मोडते.

ताई, तिथं पोचल्यावर एक काम मात्र मुलाकडूनच करून घ्या. अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही. अबू धाबीचा तो अधिकारी ठरवतो, आणि त्याची नोंद 'आय-९४' नावाच्या ऑनलाइन दस्तऐवजात होते. भेटीला आलेल्या आईवडिलांना बहुधा सहा महिने देतात, पण ते गृहीत धरू नका. पहिल्या आठवड्यातच मुलाला ती नोंद संकेतस्थळावरून काढून छापायला सांगा. नाव आणि नव्या पासपोर्टचा क्रमांक बरोबर आहे ना, आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं आहे ना, हे तुम्ही स्वतः वाचून बघा. तो कागद त्याच पातळ फाईलमध्ये ठेवा.